स्टीरिओ कंपनीचा, आवाज आईचा

गाडी घेतली तेव्हा जो तो मला एकच सल्ला देत होता: हा स्टीरिओ आधी काढून टाक.

गाडी सेकंडहँड. पांढरी, छोटी, आधीच्या मालकाने जिवापाड जपलेली. तिच्या डॅशबोर्डमध्ये कंपनीनेच बसवून दिलेला स्टीरिओ होता. रेडिओ आणि कधीच बंद पडलेला सीडी प्लेअर, बस. पेनड्राइव्हची खाच नाही, ब्लूटूथ नाही, वायर खुपसायला साधं भोकही नाही. कडेला एक जाडसर गोल बटण, फिरवलं की आवाज कमी-जास्त. चिखलीतल्या ॲक्सेसरीजवाल्याने गाडीत डोकं घातलं आणि आतूनच हसला. "ताई, हे भंगारात टाकू. मोठी टचस्क्रीन बसवतो. चहा पिऊन येईपर्यंत काम होतंय. ही वायर कापायची, ती जोडायची, वर टेप." आणि बोलता बोलता त्याने शेजारच्या गाडीची वायर दातांनी सोलली.

माझ्यापुरता विषय तिथेच संपला. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनतात, म्हणजे गाडीच्या अंगभर फिरणाऱ्या वायरींचे बांधलेले जुडगे. वायरीच्या कव्हरवर बारीकसा ओरखडा दिसला तरी तो पीस मी लाल ट्रेमध्ये टाकते. लाइनवरच्या पोरी मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे खडूस. दिवसभर ओरखड्यावरून जगाशी भांडायचं आणि संध्याकाळी दातांनी सोललेल्या वायरीच्या गाडीतून घरी यायचं, हे माझ्याच्याने होण्यातलं नव्हतं. "हार्नेस कापायचा नाही," मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग रेडिओ ऐका, ताई."

पण रेडिओ ऐकायला मी गाडी घेतलीच नव्हती. मला तिच्यात आईची गाणी लावायची होती.

आता ही गाणी म्हणजे काय, ते सांगते. माझी आई करमाळ्याकडची. लग्नानंतर भोसरीत आली, वडील वर्कशॉपमध्ये लेथवर आणि ती वस्तीतल्या विहारात, बायकांच्या गायन मंडळात. जयंतीला, पौर्णिमेला, कुणाच्या बारशाला, कुणी वारलं तर त्याच्या पुण्यानुमोदनाला तिचं मंडळ गायचं. ढोलकी, टाळ, पेटी आणि सात-आठ बाया. आईला लिहितावाचता फारसं येत नाही, पण गाणी ती स्वतः जुळवायची. भाकरी थापताना दोन ओळी, धुणं पिळताना दोन ओळी. मंडळातल्या एका बाईच्या जावयाने कधीतरी ही गाणी टेप केली आणि आईला एका छोट्या म्युझिक प्लेअरमध्ये भरून दिली. काड्यापेटीएवढा निळा प्लेअर. पुढे आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. बोलते, पण घोगरं, आणि गाणं तर नाहीच. आता तिचं गाणं फक्त त्या काड्यापेटीत आहे. रात्री ती इअरफोन लावून ऐकत पडायची, एकटीच. मला ते बघवत नसे. जो आवाज अख्ख्या वस्तीला ऐकू जायचा, तो कानात बोळा घातल्यासारखा ऐकायचा?

त्यात दुसरी एक गोष्ट मनात ठुसठुसत होती.

आमच्या भागात चाकणला जायचं तर चार जणांनी मिळून एक गाडी करायची पद्धत आहे. तिला पूल म्हणतात. पुलाचे नियम कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतात. गाडीचा मालक चालवतो. हुद्द्याने मोठा माणूस पुढे बसतो. बाई मागे, खिडकीशी. आणि स्टीरिओ पुढच्या माणसाच्या ताब्यात. मी कित्येक वर्षं आमच्या डिपार्टमेंटच्या साहेबांच्या गाडीतून गेले. मालकही तेच, मोठेही तेच, त्यामुळे स्टीरिओचा प्रश्नच नव्हता. मोशीच्या चौकापर्यंत आरत्या आणि अभंग, त्यापुढे जुनी सिनेमातली गाणी. मला त्या गाण्यांचा राग नाही. त्यातली निम्मी माझी पाठ झाली. भाजी चिरताना तोंडात येतात आणि आई गालात हसते.

एकदाच, फक्त एकदाच, जयंती जवळ आली होती आणि मी मागून म्हटलं, "साहेब, आज माझ्याकडचं एक गाणं लावू का?" साहेबांनी आरशातून बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, जयंतीला वाजवतातच की तुमच्याकडे. सकाळी सकाळी जरा प्रसन्न काहीतरी असू द्या." शिवी नाही, आवाज चढवणं नाही. कुणाला सांगायला गेलं तर म्हणतील, यात काय वाईट बोलले? पण 'तुमच्याकडे' हा शब्द कंपनीच्या गेटपर्यंत माझ्या शेजारी बसून आला.

नंतर साहेबांची पाठ धरली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मी गाडी घेतल्याचं कळल्यावर त्यांनीच विचारलं, "मग आता पूल तुमच्या गाडीत करायचा का?" मी हो म्हटलं. नाही कशाला म्हणू? माणूस कामाला चोख आहे, मला काम त्यांनीच शिकवलं. शिवाय आमच्याकडे सुपरवायझरची जागा निघाली होती आणि नाव साहेबच वर पाठवणार होते. लाइनवर सगळे मला आत्ताच मॅडम म्हणून चिडवायला लागले होते.

म्हणजे आता गाडी माझी, पुढच्या सीटवर साहेब आणि मला लावायची होती आईची गाणी. आईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती चुलीपुढची बाई असावी तशी गॅसपुढे बसकण मारून बसली. "येडी का खुळी गं तू? पोस्ट व्हायची हाय तुजी. सायबाच्या म्होरं माजं गाणं कशाला? घरी लाव की." मी म्हटलं, "घरी तू इअरफोन लावतेस." यावर तिने मला भांडी घासायला लावली.

एका रविवारी मी स्वतःच स्टीरिओ उघडायला बसले. मागच्या बाजूला कधीकधी जादा कनेक्टर असतो, तो असला तर न कापता वायर जोडता येते. आणि मग मी असली चूक केली की जी चाकणचाच माणूस करू जाणे. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठोकून बसवतात: वायरिंगला हात लावायच्या आधी पॉवर बंद. माझे हात डोक्याच्या आधी चालतात. बॉनेट उघडलं, बॅटरीचा टर्मिनल सोडवला, स्वतःवरच खूश होत स्टीरिओ बाहेर ओढला. मागे जागा होती, पण आत पिनाच नव्हत्या. कंपनीने पैसे वाचवले होते. सगळं जिथल्या तिथे बसवून टर्मिनल जोडला, तर स्टीरिओ तोंड उघडेना. पडद्यावर फक्त एवढंच की कोड टाका. चोरीला जाऊ नये म्हणून जुन्या स्टीरिओंना असं कुलूप असतं, वीज तोडली की ते लागतं. ॲक्सेसरीजवाल्याने बॅटरीला हातही लावला नसता आणि हे झालंही नसतं. नियम पाळणारी मी, आणि हाती आला मुका डबा.

आई जिन्यात उभी राहून बघत होती. "व्हता तो रेडिओबी घालवलास व्हय?"

सर्व्हिस सेंटरवाल्याने आधी मालकीचे कागद बघितले, मग स्टीरिओच्या कडेचा नंबर घेतला, मग कोड दिला, आणि देता देता त्यानेही सांगितलंच, "मॅडम, टचस्क्रीन का नाही टाकत?" मी म्हटलं, "नाही टाकायची." कारण सांगत बसले नाही. आपल्याच वस्तूबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला कारणं देत बसायची बायकांना सवय लागते. ती मला मोडायची होती.

शेवटी उपाय सापडला तो पिंपरीच्या बाजारात, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका हातगाडीवर. एफएम ट्रान्समीटर. अंगठ्याएवढं यंत्र. सिगारेट पेटवायच्या खाचेत ते खोचायचं, एका वायरीने प्लेअर त्याला जोडायचा, आणि रेडिओवर जिथे एकही स्टेशन लागत नाही अशी रिकामी जागा शोधून दोन्हीकडे तोच आकडा लावायचा. यंत्र गाणं हवेत सोडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. कापाकापी नाही, सोलणं नाही, टेप नाही. माझ्या तपासणीत हे पास होतं.

आईला गाडीत बसवलं. ती मागेच बसली, खिडकीशी. मी यंत्र खोचलं, बटण फिरवलं. आधी खरखर, मग ढोलकी आणि मग चारी दारांतल्या स्पीकरमधून आई. तीस वर्षांची असावी तशी आई. गळा मोकळा, वरची पट्टी जराही न कापणारी. मी आरशात बघितलं. तिने पदर तोंडाला लावला होता. "माजाच हाय का गं ह्यो आवाज?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं. मला रडू आलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. दिघीपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर गाडीतून उतरताना तिने पुन्हा बजावलं, "सायबाम्होरं लावू नको."

सोमवारी सकाळी साहेब चढले आणि पुढे बसले. मागे आमच्या कंपनीतला मेंटेनन्सवाला होता, लातूरकडचा, सगळे त्याला भाऊ म्हणतात. गाडीत बसला की दोन मिनिटांत घोरायला लागतो, म्हणून त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. मी गाणं लावलं. हळू नाही आणि ठणाणाही नाही, साहेबांच्या गाडीत त्यांची गाणी जेवढ्या आवाजात वाजायची, मोजून तेवढ्याच आवाजात.

साहेबांना कळायला वेळ लागला नाही. आधी ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "कॅसेट आहे का कुठली?" "नाही साहेब, माझी आई आहे." "अरे वा," ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर. चाकणच्या चौकाअलीकडे रोजच्यासारखं सगळं तुंबलं होतं. ट्रक, कंपन्यांच्या बस, दोन्हीकडून घुसणाऱ्या मोटरसायकली. उकडत होतं, काचा खाली होत्या. आणि त्याच वेळी ते गाणं लागलं जे, कंपनीने मला क्वालिटीला घेतलं तेव्हा, आईने जुळवलं होतं. आमच्याकडे तपासणाऱ्याची सही असल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिने त्याचं हे केलं:

टोपलं ठेवलं खाली बाई, लेखणी घेतली हाती,
माझ्या लेकीच्या सहीसाठी गं, साहेब उभे राहाती.

साहेबांनी हात पुढे केला आणि गोल बटण डावीकडे फिरवलं. पार शेवटपर्यंत. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पुढे बसलेल्याचा हात तो, सवयीने गेला. "डोकं दुखायला लागलंय," ते म्हणाले. "आणि ताई, सगळ्यांना चालेल असं काहीतरी लावत जा. माझं तसं काही नाही, पण मागच्यांचाही विचार करावा." मागचा तर घोरत होता.

काय बोलावं ते जिभेवर येत होतं आणि त्याच्यापुढे सुपरवायझरची खुर्ची येऊन बसत होती. खोटं कशाला सांगू, मी गिळलं होतं. जवळजवळ गिळलंच होतं.

तेवढ्यात गाणं परत सुरू झालं. आमच्या गाडीत नाही. बाहेर. डाव्या बाजूला साहेबांच्या खिडकीला खेटून एक छोटा टेम्पो येऊन थांबला होता, त्यातून. ढोलकी, टाळ आणि आई, माझ्या स्टीरिओपेक्षा दुप्पट आवाजात. माझी लेक, माझ्या लेकीची सही, साहेब उभे. मी चक्रावले. मागचा भाऊ जागा झाला, कान टवकारून म्हणाला, "ताई, हे तर आपलंच चालू आहे की तिकडं! त्याचा रेडिओ पण त्याच आकड्यावर असणार." तेच होतं. साहेबांनी फक्त माझा आवाज बंद केला होता, यंत्र चालूच होतं आणि गाणं हवेत सोडत होतं. टेम्पोवाल्याकडेही तसलंच यंत्र असणार आणि त्याचं त्या वेळी बंद असणार, म्हणून त्याच्या रेडिओने जवळचं गाणं उचललं.

टेम्पोवाल्याने स्टीरिओवर एक चापट मारली. मग इकडेतिकडे बघितलं. मग त्याने काहीच केलं नाही. चापट मारणारा हात दारावर ठेवला आणि बोटांनी ठेका धरला. त्याच्या काचेवर कुलदैवताचं नाव होतं, भलं मोठं, नारिंगी अक्षरात. मी न राहवून साहेबांच्या पलीकडून वाकून ओरडले, "दादा, ते माझ्या गाडीतलं आहे!" तो म्हणाला, "व्हय का? माजी पिन तुटलीया सकाळधरनं. राहू द्या, ताई, बंद नका करू. कोण हाय ह्या बाई?" "आई माझी." "लई गोड गळा," तो म्हणाला.

साहेब आम्हा दोघांच्या बोलण्याच्या मधोमध बसले होते, मान सरळ ठेवून.

मी हात पुढे केला आणि बटण उजवीकडे फिरवलं. साहेबांच्या गाडीत असायचा तेवढाच आवाज ठेवला, एका रेषेनेही जास्त नाही. आणि म्हटलं, "साहेब, या गाडीत आवाज कमी करायचा तर मला सांगायचं. बटणाला हात लावायचा नाही."

हे मी शांतपणे म्हटलं. क्लच मात्र नीट सुटेना, आणि चौक सुटल्यावर गाडी एकदा बंदसुद्धा पडली. भाऊ झोपल्याचं सोंग करत होता, ते त्याच्या न घोरण्यावरून कळत होतं. कंपनीच्या गेटवर उतरताना साहेब थांबले. "ताई, तुम्ही कामाला हुशार आहात. पण माणसाला कुठे काय लावावं हेही कळायला पाहिजे."

"कळतं की साहेब," मी म्हटलं. "म्हणून तर इतकी वर्षं तुमच्या गाडीत तुमची ऐकली."

दुसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्या एका गाडीने यायला लागले. पाठीला माझ्या सीटचा त्रास होतो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मेंटेनन्सवाला भाऊ पुढच्या सीटवर आला आणि तिथे घोरायला लागला. सुपरवायझरची जागा माझ्यानंतर लागलेल्या एकाला मिळाली. पोरगा वाईट नाही, शंका आली की पीस घेऊन अजून माझ्याकडेच येतो. त्याच्या नावाची नोटीस लागली त्या दिवशी लाइनवरच्या पोरी माझ्याशी जपून बोलत होत्या, घरात कुणी आजारी असल्यासारख्या. मला वाईट वाटलं. फार वाटलं. ती जागा माझी होती, आणि ती एका गाण्यापायी गेली हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, आणि ते कुणालाही सिद्ध करता येणार नव्हतं.

घरी आले. आई भाकरी करत होती. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, सगळं, टेम्पोसकट, कारण इतके दिवस मी तिला काही सांगितलंच नव्हतं. आता ती म्हणणार, मी सांगत व्हते. तिने म्हणावं अशीच माझी तयारी होती, आणि त्यावर काय उत्तर फेकायचं तेही मी जिन्यात ठरवून आले होते.

तव्यावरची भाकरी तिने भाजून घेतली. गॅस बंद केला. पदराला हात पुसले.

"बटान फिरवलं त्यानं?" तिने विचारलं. "माज्या गाण्याचं?"

"हो."

"आन तू परत फिरवलंस?"

"हो."

तिने माझी पर्स ओढली, त्यातून निळा प्लेअर काढला आणि डोळ्यांजवळ धरून एकेक बटण दाबत राहिली. इअरफोनचं एक टोक कानाला लावायची, ऐकायची, मान हलवायची, पुढचं लावायची. बराच वेळ ते चाललं होतं. मग एका ठिकाणी थांबली आणि प्लेअर माझ्या हातात दिला.

"उद्या ह्ये लाव," ती म्हणाली. "त्या गाण्यात मागं बाया हायेत, त्यांच्यात मी दबलीया. ह्याच्यात एकटीच हाय." ती भाकरीकडे वळली, आणि पाठमोरीच म्हणाली, "आन काचा खाली ठिव."